हीटर प्लगचे प्रामाण्य

पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान आपल्या नैयायिकांनी शतकानुशतके शिष्यांकडून इतक्या निष्ठेने घोकवून घेतले आहे, की धूर आणि अग्नी यांचा संबंध म्हणजे सृष्टीने करून दिलेला एक पक्का दस्तऐवजच होय, आणि त्याची फिरून खातरजमा करण्याचे कोणास कारण पडू नये, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. स्वयंपाकघरात धूर असतो तेथे चूल पेटलेली असते. सरोवरात अग्नी नसतो तेथे धूरही नसतो. या दोन दाखल्यांवर प्रकरण निकालात निघते. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा या विद्येचा प्रवेशग्रंथ. त्याची आठल्ये आणि बोडस यांची सटीप आवृत्ती मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १८९७ साली निघाली, आणि योगायोग असा की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल याच्या इंजिनाची तज्ज्ञांसमक्ष रीतसर चाचणी होऊन ते यशस्वी ठरले. या दोन घटनांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही. परंतु धुरावरून अग्नी सिद्ध करणारा ग्रंथ आणि ज्याच्या नळीतून येणारा धूर पुष्कळदा अग्नीच्या अभावाचाच पुरावा ठरतो असे यंत्र, ही दोन्ही एकाच वर्षी लोकांपुढे यावीत, यात वादविवादाची आवड असलेल्या माणसाला थोडी गंमत वाटली तर त्यास दोष देता येणार नाही.

डिझेलच्या इंजिनात ठिणगीला जागा नाही. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण आधी तयार होते व मग विजेची ठिणगी त्यास पेट देते. येथे हवा एकटीच सिलिंडरात घेतली जाते, दट्ट्या तिला दाबीत दाबीत मूळ आकारमानाच्या विसाव्या-एकविसाव्या हिश्शावर आणतो, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही पलीकडे तापते, आणि त्याच सुमारास नोझलमधून सुटलेला इंधनाचा फवारा कोणी न पेटवता पेट घेतो. परंतु ही उष्णता ज्या लोखंडी भिंतींच्या आत कोंडून राहावयाची, त्या भिंतीच रात्रभराच्या थंडीने गारठलेल्या असल्या, आणि त्याच थंडीने बॅटरीचा जोर ओसरून सेलही संथ फिरू लागला, तर हवेची बरीचशी कमाई त्या भिंतीच जप्त करतात आणि फवारा पेटण्याइतके तापमान गाठलेच जात नाही. ज्या इंजिनांत इंधन प्रथम सिलिंडराच्या डोक्यातील एका लहानशा कोठडीत सोडले जाते त्यांना ही अडचण विशेष, कारण कोठडीत मावणाऱ्या हवेच्या मानाने तिच्या भिंतींचा पसारा मोठा असतो. इगतपुरीच्या कारखान्यात महिंद्रांनी प्यूजोच्या परवान्याने बांधलेली जीपची इंजिने याच कुळातली. थेट सिलिंडरात फवारा सोडणाऱ्या मोठ्या ट्रकांना आपल्याकडच्या हवेत बहुधा बाहेरची मदत लागत नाही, आणि विहिरीवरचे संथ, एकसिलिंडरी इंजिन तर डिकॉम्प्रेशनची कळ उचलून हँडल फिरवणाऱ्या गड्याच्या दंडांच्या बळावरच सुरू होते. कोठडीच्या इंजिनाला मात्र हीटर प्लग लागतो.

हा प्लग म्हणजे बोटाएवढ्या लांबीची एक पोलादी कांडी. तिचे टोक पेन्सिलीहून बारीक. आत तापणाऱ्या तारेचे वेटोळे. आणि वेटोळे व बाहेरचे कवच यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली, ती अशासाठी की उष्णता बाहेर जावी, पण वीज शेवटच्या टोकाखेरीज कवचाला कोठे शिवू नये. चावी अर्धी फिरवून हीटर धरला की थोड्याच वेळात टोक आठशे अंशांच्या पुढे जाऊन लालभडक होते. तर्कशास्त्र वाचलेल्यास येथे एक जुनी ओळख पटेल. धूर असेल तेथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, हे समजावून देण्यासाठी आपल्या शास्त्रकारांनी तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला पिढ्यान्‌पिढ्या दिला आहे: गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही, कारण धूर निघण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो आणि ती अट गोळ्याच्या ठिकाणी पुरी होत नाही. इंजिनाच्या कोठडीत डोकावणारे हीटर प्लगचे लाल टोक म्हणजे शास्त्रातला तोच गोळा, फक्त बारा व्होल्टांवर चालणारा.

निफाडच्या बाजूला जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली उतरतो, आणि द्राक्षाच्या घडांना थंडी बाधू नये म्हणून बागाईतदार पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. अशाच एका सकाळी तेथल्या रस्त्यालगतच्या गॅरेजात एक जुनी जीप ढकलीत आणलेली मी पाहिली. पलीकडे बागांवर खऱ्या धुराचा पट्टा तरंगत होता, आणि अलीकडे सेल मारला की जीपच्या सायलेन्सरमधून पांढरा लोट निघून इंजिन दोन गचके देई व गप्प बसे.

“धूर तर येतोय,” जीपचे वयस्क मालक म्हणाले, “म्हणजे आत पेटतंय. मग गाडी धरत का नाही?”

“पेटत नाही म्हणून तर येतोय, नाना,” मिस्त्री म्हणाला. त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, पोऱ्याला सेल मारायला सांगितले, आणि तो हात नानांच्या नाकापुढे नेला. तळहात तेलकट ओला झाला होता आणि त्याला कच्च्या डिझेलचा उग्र वास येत होता.

“अरे, काल संध्याकाळी एका सेलला लागली होती.”

“संध्याकाळी इंजिन गरम होतं. सकाळचं बोला.”

नानांचे अनुमान थेट तर्कसंग्रहातले होते, आणि ते फसले. नैयायिक यावर निरुत्तर होईल असे मात्र कोणी समजू नये. तो म्हणेल की धूर आणि अग्नी यांची व्याप्ती, म्हणजे धूर तेथे अग्नी हा नेम, मुळीच खोटी ठरलेली नाही. ज्याला तुम्ही धूर म्हणालात तो धूरच नव्हता, ती न जळलेल्या इंधनाची वाफ होती. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याने ‘न्यायबिंदू’त हेतूचे, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करावयाचे तिचे, दोष सांगताना नेमका हाच प्रसंग घेतला आहे: समोर दिसते ते वाफ आहे की धूर, याविषयीच जेथे संशय आहे, तेथे त्याच्यावरून अग्नी सिद्ध करावयास निघणे हा सदोष हेतू होय. खुलासा बिनतोड आहे. तथापि त्याने अडचण सुटत नाही, फक्त एक पायरी मागे सरकते. कारण आता धूर ओळखावयाचा कसा, हा प्रश्न उभा राहतो. पांढरा लोट थंड हवेत साध्या पाण्याच्या वाफेचाही असतो. हेडचे गॅस्केट जाऊन कूलंट सिलिंडरात उतरू लागले तरी लोट पांढराच, मात्र त्याला गोडसर वास असतो आणि इंजिन तापल्यावरही तो थांबत नाही. वंगणाचे तेल जळत असेल तर निळसर, डिझेल प्रमाणाबाहेर पडत असेल तर काळा. मिस्त्रीने तळहात ओला करून घेतला तो यासाठी. साध्य राहिले दूर, त्याने आधी हेतूचीच झडती घेतली. आणि ज्या प्रश्नासाठी हा प्रपंच मांडला आहे तो येथूनच सुरू होतो: परीक्षा करणाऱ्या साधनाची परीक्षा कोणी करावी, आणि ती कोठवर नेऊन थांबवावी?

चारही प्लगांच्या माथ्यांवरून एक पट्टी गेलेली असते आणि तिच्यातूनच चौघांना वीज पोचते. परीक्षेपूर्वी ही पट्टी काढावी लागते, आणि ही गोष्ट विसरणारे लोक पुष्कळ. पट्टी जागेवर ठेवून एखाद्या प्लगला मीटर लावला, तर येणारे उत्तर त्या एकट्याचे नसून चौघांच्या मंडळाचे असते. चांगल्या प्लगचा थंड असतानाचा विरोध सुमारे एक ओहम धरला, तर चार धडधाकट प्लग मिळून पाव ओहम दाखवतील. आणि तिघे मेलेले व एकच जिवंत असेल, तर मीटर बरोबर एक ओहम दाखवील, म्हणजे निर्दोष एकट्या प्लगकडून ज्या आकड्याची अपेक्षा करावयाची तोच. तिघे मृत एका जिवंताच्या जामिनावर सुटतात. जुन्या काळच्या काही इंजिनांत उघड्या तारेचे प्लग एकामागून एक असे एकाच साखळीत जोडलेले असत. तेथे एक गेला की चारही थंड, गावातल्या एकाच्या गुन्ह्यापायी सरकारने साऱ्या गावावर दंड बसवावा तसे. न्यायाच्या दृष्टीने ती रचना कठोर खरी, परंतु पुराव्याच्या दृष्टीने प्रामाणिक होती. तिच्यात अपराध झाकला जात नसे. आजची जोडणी दयाळू आहे आणि म्हणूनच लबाडही आहे. धर्मसंप्रदायांविषयी लिहिले-बोलले जाते तेव्हा ही पट्टी माझ्या मनातून जात नाही. दिंडीच्या सामुदायिक उबेवरून तीत चालणाऱ्या प्रत्येकाच्या अंतःकरणास दाखला देणारे भाविक चरित्रकार, आणि एखाद्या ढोंग्यावरून सबंध पंथ रद्दबातल ठरवणारे टीकाकार, हे दोघे परस्परांचे शत्रू असले तरी त्यांची चूक एकाच जातीची आहे: पहिल्याने पट्टी काढलेली नसते, आणि दुसऱ्याने साखळीची जोडणी न तपासता गृहीत धरलेली असते.

पट्टी काढल्यावरही मिस्त्रीने टेस्टिंगचा बल्ब लगेच प्लगला लावला नाही. त्याने बल्बची क्लिप बॅटरीच्या एका टोकास धरून दुसरी तार क्षणभर दुसऱ्या टोकाला टेकवली, बल्ब लागला, मगच तो प्लगकडे वळला. मीटर वापरणाऱ्यासही हाच शिरस्ता पाळावा लागतो. मीटरच्या दोन तारांची टोके एकमेकांना टेकवली म्हणजे शून्य दिसावे, पण दिसतात एक-दोन दशांश ओहम; ते त्या तारांचे स्वतःचे असतात, आणि मोजावयाची वस्तूच जेथे एक ओहमाची, तेथे ते वजा केल्यावाचून आलेला आकडा विश्वासास पात्र नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हीच गोष्ट तराजूच्या निमित्ताने आली आहे. प्रमाणांनी वस्तू सिद्ध होत असतील, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात, असा प्रतिपक्षाचा प्रश्न आहे. त्यावर सूत्रकार तराजूकडे बोट दाखवतो. सोने तोलताना तराजू प्रमाण असतो. पण त्याच तराजूविषयी शंका आली तर वजन ठाऊक असलेल्या सोन्याने तराजू तपासता येतो, आणि त्या वेळी तो तपासणारा न राहता तपासला जाणारा होतो. प्रमाण हा हुद्दा कोणाकडे कायमचा नसतो, कामापुरता असतो.

हे उत्तर मला समंजस वाटते. पण नागार्जुनाला ते पटले नसते. ‘विग्रहव्यावर्तनी’त त्याने नैयायिकाची जी कोंडी केली आहे ती गॅरेजात मांडून पाहावी. बॅटरीने बल्बची परीक्षा केली, बल्बने प्लगची, आणि बॅटरीची? ती बल्बच्या प्रखरतेवरूनच. म्हणजे एक तर दोघांनी एकमेकांस जामीन राहावयाचे, नाही तर तिसरे साधन आणून त्याच्यासाठी चौथे शोधावयाचे, आणि ही रांग कधीच संपावयाची नाही. अग्नी जसा स्वतःला आणि इतरांना प्रकाशित करतो तसे प्रमाणही करते, असे म्हणून सुटू पाहणाऱ्यास तो विचारतो की अग्नीच्या ठिकाणी अंधार मुळातच नाही, तर तो स्वतःचे म्हणून काय उजळतो? आक्षेप फार चातुर्याचा आहे आणि गॅरेजात त्यास उत्तर नाही. पण गॅरेज त्याच्यावाचून अडतही नाही, आणि हे न अडणे म्हणजे निव्वळ अडाणीपणा की त्यातही काही विवेक आहे, हे ठरवण्यासाठीच आपल्याकडे प्रामाण्यवाद नावाचे एवढे मोठे भांडण झाले.

मीमांसकांचे म्हणणे असे की ज्ञान उत्पन्न होते ते प्रमाण म्हणूनच उत्पन्न होते; त्याच्या खरेपणास निराळा दाखला लागत नाही. दाखला लागतो तो खोटेपणास, आणि तोही दोनच प्रकारांनी मिळतो: पुढे त्याच्या विरुद्ध जाणारे ज्ञान व्हावे, अथवा ज्या साधनाने ते ज्ञान झाले त्यात दोष सापडावा. नैयायिक म्हणतो, छे, खरेपणाही बाहेरूनच कळतो. त्या ज्ञानावर विसंबून तुम्ही हात घालता आणि काम फत्ते होते, तेव्हाच त्यास प्रामाण्य लाभते. मला असे दिसते की गाडीचा मालक जन्मतः मीमांसक असतो आणि मिस्त्री जन्मतः नैयायिक. नानांनी पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत रोज चावी फिरवली. आपले चार प्लग शाबूत आहेत असे त्यांनी एकदाही म्हटले नसेल आणि एकदाही त्याविषयी शंका घेतली नसेल, आणि हा भोळेपणा नव्हे, कारण रोज सकाळी बाजाराला निघण्यापूर्वी जो पट्टी काढून प्लग तपासील त्याचा माल बाजारात पोचणार नाही. जानेवारीच्या थंडीने बाधक ज्ञान उत्पन्न केले, आणि त्या क्षणापासून प्रकरण मालकाच्या हातून मिस्त्रीच्या हाती, मीमांसेकडून न्यायाकडे वर्ग झाले. दोन दर्शनांमध्ये शतके चाललेला हा दावा अंमलाच्या हद्दीचा आहे, असे म्हटल्यास पंडित रागावतील. पण मला तरी त्यात याहून अधिक मोठे वैर दिसत नाही.

मीमांसक अंधश्रद्ध असतो असा एक समज आहे, तो कुमारिलभट्ट न वाचल्यामुळे झालेला आहे. शंका उत्पन्न झाल्यावर तपास करू नये असे कुमारिल कोठेही म्हणत नाही. पहिल्या ज्ञानाला दुसऱ्याने बाध आला, दुसऱ्याची तिसऱ्याने तपासणी झाली, तर तेथवर जावे. परंतु तीन-चार ज्ञानांच्या पलीकडे जाण्याची गरज पडत नाही, असे त्याने ‘श्लोकवार्तिका’त स्पष्ट म्हटले आहे. तीन-चारच का, पाच का नाहीत, असे म्हणून त्याची थट्टा करणे सोपे आहे. मला हा आकडा पुस्तकी पंडिताचा न वाटता कारागिराचा वाटतो. एकेका तपासाला एकेक निराळा प्रश्न असतो, आणि एका वस्तूला विचारण्याजोगे प्रश्न तीन-चारांहून जास्त नसतात. पुढचे प्रश्न हे आधीच्याच प्रश्नांचे पुनरुच्चार असतात.

त्या सकाळी बल्बने दोन प्लग मेलेले ठरवले. उरलेल्या दोघांवर तो स्वच्छ लागला, आणि नाना म्हणाले की चला, दोन तरी वाचले. मिस्त्रीने मान हलवली. “लाइट लागली म्हणजे प्लग चांगला असं नाही, नाना. करंट जातोय, एवढंच कळलं.” त्याचे म्हणणे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. बारा व्होल्टांचा एकवीस वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरवर भागवतो. प्लग मात्र प्रत्यक्ष कामावर हजर होतो तेव्हा आरंभीच दहा-बारा अँपिअर ओढतो. शिवाय वेटोळे आतल्या आत कवचाला चिकटून वीज अर्ध्या वाटेतूनच परतत असेल, तरीही बल्ब तितक्याच ऐटीत लागतो. बल्बने प्लगला विचारले ते एवढेच, की तुझ्यातून वाट आहे काय. तू तापतोस काय हे त्याने विचारलेलेच नव्हते, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे आपणच धरून चालतो.

तेव्हा प्लग बाहेर काढणे आले, आणि हे काम वाटते तितके निरुपद्रवी नाही. टोकाभोवती वर्षांची काजळी धरलेली असते. थंड इंजिनात जोर करून पाना फिरवला तर टोक मोडून आत राहते आणि मग हेडच उतरवावे लागते. परीक्षेने परीक्ष्य वस्तूचाच घात होण्याचा हा धोका तत्त्ववेत्त्यांनी विचारात घेतलेला मला फारसा आढळलेला नाही. मिस्त्रीने गरम पाणी ओतून हेड कोमट करून घेतले, आट्यांच्या मुळाशी पातळ तेलाचे थेंब सोडले, आणि पाना अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असा संथपणे फिरवीत दोन्ही प्लग काढले. मग एकेक प्लग शेगड्यात घट्ट धरून त्यास बॅटरीची जोड दिली. पहिल्याचे टोक प्रथम लालसर झाले आणि लाली तेथून मागे सरकत आली. हेच लक्षण हवे. दुसऱ्याचा मधला भाग तांबारला आणि टोक काळेच राहिले. म्हणजे वीज होती, उष्णताही होती, फक्त ती जेथे हवी तेथे नव्हती. धर्मकीर्तीने सत्याची जी कसोटी सांगितली ती येथे लागू पडते: जे आपले कार्य करण्यास समर्थ तेच खरे, आणि अग्नी म्हणून ज्याची ओळख द्यावयाची त्याने जाळण्या-शिजवण्याचे काम केले पाहिजे. चौकशीअंती चारांपैकी एकच प्लग या कसोटीस उतरला, आणि पट्टी जागेवर ठेवून मीटर लावला असता तर कदाचित सारे ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला असता.

नैयायिक म्हणेल, आता वाद कशाला? नवे प्लग बसवा, सेल मारा, इंजिन लागले की सफल प्रवृत्तीने सारे सिद्ध झाले. परंतु या यंत्रापुरती तरी ही कसोटी सर्वांत दगाबाज आहे. चारांपैकी तीन प्लग जिवंत असले तरी इंजिन बहुधा लागते. मिनिटभर ते थरथरते, चौथ्या सिलिंडराचा पांढरा लोट बाहेर टाकते, आणि मग इतरांच्या उष्णतेने हेड तापले की चौथाही नुसत्या दाबावर पेटू लागतो व धूर थांबतो. उन्हाळ्यात तर चारही प्लग मेलेले असूनही गाडी सेल थोडा जास्त घेऊन धरते. फळ मिळाले, पण ज्या श्रद्धेवर मिळाले असे आपण म्हणतो ती श्रद्धा खोटी होती. विद्यारण्यांनी ‘पंचदशी’च्या ध्यानदीप प्रकरणाचा आरंभच अशा फलदायी भ्रमाने केला आहे. दाराच्या फटीतून येणाऱ्या रत्नाच्या प्रभेलाच रत्न समजून एक मनुष्य धावतो, दिव्याच्या प्रभेला रत्न समजून दुसरा धावतो. भ्रम दोघांचाही, पण पहिल्याच्या हाती रत्न लागते. हा दाखला मूळचा धर्मकीर्तीच्या परंपरेतला. विद्यारण्यांनी त्याचा उपयोग उपासनेच्या समर्थनार्थ केला, आणि तो करताना उपासना ही यथार्थ ज्ञान नव्हे हे झाकून ठेवले नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. आपल्याकडे नवस फेडावयास जाणाऱ्यांची रांग पाहिली की हा आदर वाढतो. मूल बरे झाले, सबब देव पावला, हे अनुमान आणि गाडी लागली, सबब प्लग चांगले, हे अनुमान एकाच साच्याचे आहे. त्यात देव पावला नाही असे सिद्ध होत नाही आणि पावला असेही होत नाही. पण विद्यारण्यांना पुढे जाऊन असे म्हणावयाचे आहे की काही भ्रम रत्नाकडे नेणारे असतात, आणि कोणता भ्रम तसा आहे हे शास्त्र सांगते. येथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. रत्नप्रभा की दीपप्रभा हे फटीबाहेर उभ्या असलेल्यास कळत नाही. आत जाऊन आलेल्याने सांगावे म्हटले, तर त्याच्या सांगण्याचे प्रामाण्य हा पुन्हा पट्टी काढण्याचाच प्रश्न होतो.

मग शंका थांबावयाची कोठे? याचे माझ्या मते सर्वांत धीट उत्तर उदयनाचार्यांनी दिले आणि मिथिलेच्या गंगेशाने चौदाव्या शतकात ‘तत्त्वचिंतामणी’त ते तावूनसुलाखून घेतले. शंका ही जेथे स्वतःच्याच आचरणाशी भांडू लागते तेथे तिची हद्द संपते. धूर अग्नीपासून होतो की नाही अशी शंका तोंडाने घेणारा मनुष्य धूर हवा असला म्हणजे निमूटपणे विस्तवच आणावयास जातो. तृप्तीसाठी अन्न आणि दुसऱ्यास समजावण्यासाठी शब्द वापरतो. मग त्याच्या शंकेला कोणत्या न्यायासनापुढे उभे करावयाचे? त्यावर श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त उलट टोला दिला होता की विरोध दाखवावयाचा तर शंका आधी असलीच पाहिजे, मग विरोधाने शंका संपली कशी? गंगेशाने त्यास उत्तर दिले आहे, आणि ते शब्दांत गुंतागुंतीचे असले तरी त्याचा मथितार्थ मिस्त्रीला अनोळखी नाही: शंकेला थोपवणारा विरोध हा दुसरा सिद्धांत नसून कर्त्याचे कर्मच असते. नागार्जुनाची रांग अनंत आहे खरी, पण प्रत्येक पायरीवर काही तरी काढावे-बसवावे लागते, आणि ज्या पायरीवर काढण्या-बसवण्याने काहीच बदलणार नाही तेथे शंका उच्चारली तरी ती घेतलेली नसते.

गंमत अशी की शंकेची ही हद्द उदयनांनी ज्या ग्रंथात आखून दिली तो ‘न्यायकुसुमांजली’ हा ईश्वरसिद्धीचा ग्रंथ आहे. प्लगविषयी शंका घेणाऱ्याला उद्याची सकाळ उत्तर देते. ईश्वराविषयी शंका घेणाऱ्याच्या कोणत्या आचरणाशी ती शंका भांडते? त्याचे इंजिन तर रोज लागत असते. ग्रंथारंभी उदयन असेही म्हणतात की ईश्वराविषयीची ही तर्कचर्चा म्हणजे श्रवणानंतर येणारे मनन, आणि म्हणून ती उपासनाच होय. हे वाक्य पुष्कळांना फार भावते. मला ते प्रथम वाचताना खटकले, कारण निकाल आधी ठरवून केलेल्या तपासाची किंमत मी जाणतो. नवे प्लग आधीच कपाटातून काढून ठेवलेला मिस्त्रीही गिऱ्हाइकासमोर बल्ब लावून दाखवतोच. परंतु ग्रंथ पुढे वाचल्यावर हा आरोप मला मागे घ्यावा लागला, निदान अर्धा. उदयनांनी पाचही स्तबकांची, म्हणजे प्रकरणांची, रचना प्रतिपक्षाच्या पाच आक्षेपांवर केली आहे, आणि चार्वाकाने अनुमानावर घेतलेला आक्षेप तर इतक्या जोमाने मांडला आहे की चार्वाकालाही तो तसा मांडता आला असता की नाही, शंकाच आहे. तिसऱ्या स्तबकात जेथे शंकेची हद्द ठरते तेथवर मी त्यांच्या बाजूने आहे; जगाच्या रचनेवरून, तिच्या धारणेवरून आणि वेदांवरून कर्ता सिद्ध करू पाहणाऱ्या पाचव्या स्तबकाविषयी मात्र मला तसे म्हणता येत नाही, कारण तेथे काढून शेगड्यात धरता येईल असे काहीच उरलेले नसते.